प्रेमिलाताईंचे जास्तीचे बावन्न लिटर

रामदासपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर अश्विन निखारेचं डिझाइनचं ऑफिस आहे. खाली लोक उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेले असतात आणि वर चार-पाच माणसं कॉम्प्युटरवर टाक्या, जिने, छपरं, यंत्रांचे सांगाडे असलं काय काय काढत असतात. त्यांच्यात वयानं सगळ्यांत मोठी प्रेमिला धकाते. अश्विन मालक असला तरी तिला ताई म्हणतो, कारण तो शाळेचं दप्तर घेऊन इथं यायचा तेव्हा ती त्याच्या वडिलांच्या हाताखाली ड्रॉइंग बोर्डावर उभी राहून रेघा मारत होती. नंतर पेन्सिल गेली, शाईचं पेन गेलं, बोर्ड भंगारात गेला आणि अश्विनचे वडील निवृत्त होऊन सकाळच्या फिरण्याला लागले. प्रेमिला मात्र आहे तिथंच आहे, फक्त आता खुर्चीवर बसते.

बाई तापट. नाकावर माशी बसू देत नाही. दुसऱ्याच्या स्क्रीनवर दोन रेघा एकमेकींना टेकायच्या राहून गेल्या असतील तर तिला त्या पाणी प्यायला उठता उठता दिसतात. "काहून वं ऋतुजा, हे दोघं भेटूनच नाही राहिले एकमेकाले. भांडण झालं काय त्यांचं?" असं ती विचारणार, आणि शेजारच्या टेबलावरची ऋतुजा निमूटपणे चित्र मोठं करून ती केसाएवढी फट बुजवणार. प्रेमिलाच्या कामात फट सापडली, असं त्या ऑफिसात कधी झालं नव्हतं आणि याचा तिला गर्व होता. गर्व नाही असं ती म्हणायची, पण होता.

प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात दोन घरं असतात, एक रेखाटन करणाऱ्याचं आणि एक तपासणाऱ्याचं. पहिल्या घरात प्रेमिलाचं नाव इतक्या वेळा पडलं होतं की आता तिकडे तिचं लक्षही जात नसे. दुसऱ्या घरात आधी अश्विनचे वडील सही करायचे, आता अश्विन करायचा. प्रेमिला आयटीआयची ड्राफ्ट्समन, इंजिनिअर नव्हे. कोणती चूक कुठे आहे हे कैक वेळा तिनंच दाखवायचं आणि खाली सही दुसऱ्याची, हे इतकी वर्षं चाललं होतं. तिला ते घर हवं होतं. मागितलं असतं तर कदाचित मिळालंही असतं, पण मागायला तिची जीभच उचलत नसे.

आणि मग दिवाळीनंतर एके दिवशी अश्विन तिच्या टेबलापाशी येऊन सहज म्हणाला, "ताई, हे नरखेडकडचं काम तुम्हीच पाहा. डिझाइन तुमचं, तपासणीची सहीपण तुमची. मी मधात पडत नाही. आणि हे बराबर झालं तर पुढची सगळी तपासणी तुमच्याकडेच देतो."

प्रेमिला फक्त "हाव" म्हणाली. मग बाथरूममध्ये जाऊन तिनं तोंड धुतलं आणि आरशात स्वतःला बघून उगाच केस सारखे केले.

नरखेडकडचं काम म्हणजे चंद्रभानजींचा तराफा. या गृहस्थांची नरखेड तालुक्यात मोसंबीची बाग आहे आणि बागेत मोठं शेततळं. तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यामुळे पंप खाली ठेवता येत नाही. तो तरंगताच हवा. आदल्या वर्षी त्यांनी निळे ड्रम दोरानं बांधून घरच्या घरी तराफा केला, वर पंप ठेवला आणि पाहायला आख्खं गाव बोलावलं. तराफा तळ्याच्या मध्यावर गेला, एका बाजूला कलला आणि पंप डोळ्यांदेखत पाण्यात उतरला. तेव्हापासून गावात त्यांना कोणी चंद्रभान म्हणत नाही. सगळे कॅप्टन म्हणतात.

"म्याडम," त्यांनी पहिल्याच भेटीत हात जोडले, "यावेळी बुडलं तं मले गाव सोडा लागन. पंप, पाइप आन् दुरुस्तीसाठी वर दोन माणसं. एवढं तरंगलं पाह्यजे, बस."

"तरंगन, जी," प्रेमिला म्हणाली. ती असा शब्द सहसा देत नाही.

तराफा तिनं झकास बसवला. खाली दोन लांब फ्लोट, म्हणजे पत्र्याची बंद नळकांडी, आणि त्यांच्यावर लोखंडी चौकट. मोसंबीच्या ओळींमधून ट्रॉलीवर नेता यावेत म्हणून प्रत्येक फ्लोट चार तुकड्यांत केला. तळ्याकाठी नेऊन जोडायचे. आता असल्या कामात सगळा खेळ घनफळाचा, ज्याला ऑफिसात व्हॉल्यूम म्हणतात. फ्लोट जेवढे लिटर पाणी बाजूला सारणार तेवढे किलो वजन तो पेलणार, इतका सरळ हिशेब. घनफळ कॉम्प्युटरच सांगतो. बटण दाबायचं, आकडा येतो.

प्रेमिलानं बटण दाबलं. सगळ्या फ्लोटचं मिळून सहाशे एकाहत्तर लिटर आलं. तिला सवय अशी की कॉम्प्युटरनं काही सांगितलं की कॅल्क्युलेटरवर पडताळून बघायचं. तिनं एकेका तुकड्याचं घनफळ वेगळं काढलं आणि बेरीज केली, तर ती आली सहाशे चाळीस.

"असं कसं?" ती स्क्रीनला म्हणाली.

ऋतुजानं मान वळवली. "ताई, फाइल बंद करून वापस खोला. कधी कधी जुनाच आकडा दाखवते."

फाइल बंद केली, परत उघडली, नव्यानं मोजायला लावलं. आकडा जागचा हलला नाही. मग प्रेमिलानं एकके तपासली, कोणता तुकडा चुकून इंचात तर काढला नाही ना. नव्हता. लपवून ठेवलेले भाग मोजले जात होते का, तेही पाहिलं. नव्हते. शेवटी तिनं डावीकडच्या यादीतली तुकड्यांची नावं बोट ठेवून मोजली. आठ हवीत, ती नऊ निघाली. टोकाचा एक निमुळता तुकडा दोनदा होता, एकावर एक तंतोतंत बसलेला, त्यामुळे डोळ्याला एकच दिसायचा. आदल्या दिवशी तो भाग ऋतुजानं कॉपी करून दिला होता.

प्रेमिलानं ऋतुजाला जे काय सुनावलं ते खाली लॅबमध्येसुद्धा ऐकू गेलं असणार. "दिमाग कुठी ठेवला होता? एकाच जागी दोन वस्तू राह्यते काय कधी? तुह्या खुर्चीवर मी येऊन बसू का, तू बसली असतानी?" ऋतुजाचे डोळे भरून आले. ती "सॉरी ताई" म्हणाली आणि जास्तीचा तुकडा उडवला. कॉम्प्युटर सहाशे चाळीस, कॅल्क्युलेटरही सहाशे चाळीस. प्रेमिलाचा जीव भांड्यात पडला आणि त्या खुशीत तिनं ऋतुजासाठी खालून समोसा मागवला.

एवढ्यावर थांबली असती तर सही त्याच संध्याकाळी झाली असती. पण चंद्रभानजींना मोबाइलवर पाठवायला एक छानसं चित्र हवं होतं, म्हणून तिनं सगळे तुकडे जोडून एकेका फ्लोटचा सलग आकार केला, आणि हात सवयीचा, घनफळाचं बटण पुन्हा दाबलं. पाचशे अठ्ठ्याऐंशी.

बावन्न लिटर गायब. बावन्न लिटर म्हणजे बावन्न किलो, म्हणजे हडकुळा का होईना, एक आख्खा माणूस. कागदावर तो तराफ्यावर उभा होता आणि पाण्यात त्याच्या पायाखाली काही नव्हतं.

त्यानंतरचे दोन दिवस प्रेमिलानं सॉफ्टवेअरचा उद्धार केला. नवीन आवृत्ती आली तेव्हापासूनच हे असं आहे, बनवणाऱ्यांनी जन्मात तराफा पाहिला नसेल, आपल्या बोर्डावर असली थेरं कधी झाली नव्हती, वगैरे. तिनं प्रत्येक तुकड्याचे पृष्ठभाग तपासले, कुठे उघडं भोक राहून आकार पोकळ तर झाला नाही ना. सगळे बंद होते. मोजणीची अचूकता वाढवली, तर दशांशानंतरचे आकडे बदलले आणि बावन्न तसेच राहिले. तिकडे चंद्रभानजींचे दिवसातून तीन फोन. तराफा प्रत्यक्ष बनवणारा काटोलचा फॅब्रिकेटर पत्रा आणून बसला होता.

"ताई, एकदा क्लॅश पाहून घ्या नं," ऋतुजा भीत भीत म्हणाली. कोणता भाग कोणात घुसला आहे हे दाखवणारी ती तपासणी.

"माह्या कामात क्लॅश नाही राहत," प्रेमिला म्हणाली. पण ऋतुजा चहा आणायला खाली गेली तशी तिनं गुपचूप ती तपासणी लावली.

फ्लोटवर लाल पट्टे उमटले. एका फ्लोटवर तीन, दुसऱ्यावर तीन. प्रत्येक सांध्यावर एक, आणि सगळे सारख्या रुंदीचे. दोन-अडीच बोटं. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याच्या पोटात तेवढा शिरला होता. खऱ्या लोखंडाला असं करता येत नाही, कॉम्प्युटरमध्ये येतं, तो काही बोलत नाही. वेगवेगळे मोजले की ती दोन-अडीच बोटं दोन्हीकडे मोजली जात होती. सलग केलं की एकदाच.

हे ऋतुजानं केलेलं नव्हतं. हे सांधे एकूण एक प्रेमिलाच्या हातचे होते आणि आपण ते का केलं हे तिला पट्टे बघताक्षणी कळलं. सक्करदऱ्याच्या घरात पुढच्या खोलीत बाबांचा माग होता. जागेश्वर धकाते नऊवारी विणायचे आणि प्रेमिला शाळेतून आली की धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. धोट्यातला आडवा धागा मध्येच संपला की नवा धागा जुन्याच्या टोकाला टेकवून चालत नाही. तो जुन्यावर दोन-अडीच बोटं चढवून घालावा लागतो, नाही तर कापड तिथंच उसवतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पाहून पाहून हातात बसलं होतं, आणि माग विकून टाकल्यावर ते हातातून गेलं असं तिला आपलं वाटत होतं. तिच्या कामात फट का सापडत नाही याचं कारण स्क्रीनवर लालभडक होऊन समोर बसलं होतं.

आधी तिला हसू आलं. एकटीच मोठ्यानं हसली. मग हसू थांबलं, कारण तिला आठवलं की आपण सगळेच सांधे असे करतो, प्रत्येक फाइलमध्ये. जिन्यात, छपरात कोणी घनफळ विचारत नाही, तिथं फक्त लांबी-रुंदी लागते आणि ती बरोबरच होती. पण विचारलं असतं तर सगळीकडे असंच निघालं असतं. आणि ऋतुजाला आपण दोन वस्तू एका जागी राहतात का म्हणून विचारलं होतं, तो प्रश्न आता तिच्यावरच उलटला होता.

आता गंमत बघा. हे दुरुस्त करायला अर्धा तास पुरला असता. सांधे मागे घ्यायचे, फ्लोट थोडे लांब करायचे, गेलेले बावन्न लिटर भरून काढायचे आणि सही ठोकायची. अश्विन मधात पडणार नव्हता, हे त्यानंच सांगितलं होतं. ऋतुजा जिन्यात होती. कोणाला काही कळलं नसतं. प्रेमिलानं फाइल जशीच्या तशी बंद केली आणि त्या दिवशी लवकर घरी गेली.

वच्छलाबाई, तिची आई, दारात बसून वालाच्या शेंगा निवडत होत्या. प्रेमिलानं चप्पल काढता काढताच सगळं सांगून टाकलं. घरात दोघीच राहतात. लग्नाचं वेळेवर जमलं नाही आणि पुढं प्रेमिलानं कोणाला जमवू दिलं नाही, त्यामुळे जे काही बोलायचं ते आईशीच.

"म्हंजे जोड देल्ला तू," वच्छलाबाई म्हणाल्या.

"हाव."

"मंग बराबर केलं नं. जोड नाही देल्ला तं उसवते."

"आई, लोखंड उसवत नाही वं! तिथं ते दोनदा मोजल्या गेलं."

वच्छलाबाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "कापडातही तसंच राह्यते. जोडावर धागा दुहेरी होते, तिथं कापड जाड लागते हाताले. घेणारा बोट फिरवे तं त्याले समजे. म्हणून तुहा बाप साडी उघडल्या उघडल्या स्वताच दाखवे, हे पाहा, इथं जोड हाय."

"काहून दाखवे? घेणाऱ्यानं तं भाव कमी केला असन."

"करे नं कधी कधी. पण त्यानं शोधून काढला असता तं बाकीची आख्खी साडी नखानं उकरत बसला असता. आपण दाखवला का बाकीच्यावर भरोसा ठेवे." मग त्यांनी मान वर केली. "तू सांगतलं काय तुह्या साहेबाले?"

"नाही अजून."

"मंग मले काहून सांगून राहिली? मी काय सही करणार हाय?"

दुसऱ्या दिवशी प्रेमिलानं अश्विनला आपल्या टेबलापाशी बोलावलं, स्क्रीनवर लाल पट्टे लावले आणि काही न लपवता सांगितलं. धागा, माग, दोन-अडीच बोटं, सगळं. ऋतुजाही मागे उभी होती. तिनं ऐकावं म्हणून प्रेमिला जरा मोठ्यानंच बोलली.

अश्विननं बोट ठेवून एकेक पट्टा मोजला. "आणि जुन्या फाइली?"

"माह्या हातच्या साऱ्याच. मापं बराबर आहे त्यांची. पण सांधे असेच."

"एकेक करून तपासून घ्या," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "हे दुरुस्त करा. मी चंद्रभानजींना थांबायला सांगतो. आणि ताई, सहीचं मग पाहू. आधी ते तरंगू द्या."

तिला फार वाईट वाटलं. अश्विन चुकीचं बोलला नव्हता, म्हणून जास्तच वाटलं. आरडाओरडा केला असता तर तिला उलट बोलता तरी आलं असतं. तिनं सांधे मागे घेतले, फ्लोट लांब केले, तुकड्यांची बेरीज आणि सलग आकार यांचा आकडा एक आला तेव्हा तो ऋतुजाला वेगळा काढायला लावला, मग स्वतः पुन्हा काढला. तरी तिचा विश्वास बसेना. इतकी वर्षं आपला हात आपल्याच नकळत काहीतरी करत होता, तर आताही करत नसेल कशावरून? ड्रॉइंगवर तिनं फ्लोटच्या अंगावर एक लाल रेघ काढून खाली लिहिलं: पंप, पाइप आणि दोन माणसं चढल्यावर पाणी इथपर्यंत. तपासणीचं घर कोरं ठेवून कागद काटोलला गेला.

तराफा तयार झाला तो पौषातल्या एका रविवारी. अश्विन, ऋतुजा आणि प्रेमिला अश्विनच्या गाडीतून नरखेडकडे निघाले. तळ्याच्या बांधावर पोहोचले तर गाव हजर. कॅप्टन यावेळी काय बुडवतात हे बघायला लोक बागेची कामं टाकून आले होते. कोणी चिवड्याची पुडीही आणली होती. चंद्रभानजी नवा सदरा घालून सगळ्यांना नमस्कार करत होते आणि त्यांचा चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा झाला होता.

तराफा पाण्यात सोडला. तरंगला. पंप चढवला, पाइप जोडला. तरंगला. लाल रेघ पाण्याच्या बरीच वर होती. चंद्रभानजींनी देवाचं नाव घेऊन एक पाय टाकला, मग दुसरा. तराफा थोडा खाली बसला, सरळ राहिला. बांधावरून टाळ्या पडल्या.

"आता दुसरा माणूस," अश्विन म्हणाला.

चंद्रभानजींनी बायकोकडे बघितलं. वंदनाताई दोन पावलं मागे सरकल्या. "मी नाही येत जी. मागच्या वेळेस म्या पाह्यलं हाय." मग चंद्रभानजींनी भावाकडे बघितलं, भावानं पोटात दुखतं म्हणून सांगितलं. बागेत काम करणाऱ्या सालदारानं तर हसून मानच हलवली. एवढ्या गर्दीतून एक माणूस पुढं होईना. जो तो दुसऱ्याला ढकलू लागला आणि चिवडेवाला म्हणाला, "कॅप्टन, जहाज सोडणारा शेवटचा तूच गा!"

प्रेमिलानं चप्पल काढली. सक्करदऱ्याच्या तलावाजवळ उभं आयुष्य गेलं तरी तिनं कधी घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. पोहण्याचं तर नावच नको. ऋतुजानं तिचा हात धरला, "ताई, तुम्ही काहून?" त्यावर "दुसरं कोण?" असं म्हणत तिनं पदर खोचला. चंद्रभानजींनी हात दिला. तराफ्यावर पाऊल पडताच तो हलला आणि तिनं पंपाला घट्ट धरलं.

"हलू नका," ती चंद्रभानजींना म्हणाली.

"मी नाही हलून राहिलो म्याडम, तुम्हीच हलून राहिल्या."

ती थांबली. खाली वाकून बघायची हिंमत होईना, तरी तिनं बघितलं. पाणी फ्लोटच्या अंगावरून वर चढत होतं. रेघेच्या खाली दोन बोटं, मग एक बोट. तराफा एकदा वरखाली झाला आणि शांत झाला. पाणी लाल रेघेला टेकलं होतं. ना वर, ना खाली.

बांधावर एकच कल्ला झाला. कोणीतरी "कॅप्टन की जय" केलं आणि चंद्रभानजी भर तळ्यात रडू लागले. प्रेमिलाला त्यातलं काही नीट ऐकू येत नव्हतं. ती त्या रेघेकडे बघत होती. जिथं तिनं सांगितलं होतं तिथं पाणी थांबलं होतं, आणि पाण्याला कोणाच्या सवयी ठाऊक नसतात.

अश्विननं गाडीतून ड्रॉइंग आणलं होतं. बांधावर उभा राहून तो कागद हलवत ओरडला, "ताई, या बाहेर! सही करायची आहे तुम्हाला!"

"करतो," प्रेमिला तिथूनच ओरडली. "थांबा जरा. उभी राहू द्या मले थोडा वेळ."